अवतरणातला वानवळा

आमचं सांजदैनिक बुधवार पेठेत एका इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या डोक्यावर होतं. खाली दिवसभर कुणी ना कुणी स्पीकर घ्यायला यायचं, दुकानदार तो वाजवून दाखवायचा, आणि आम्ही वर बसून एकाच गाण्याच्या पहिल्या दोन ओळी पुन्हा पुन्हा ऐकत शहरातली लफडी निस्तरायचो. निस्तरायचो म्हणणं बरोबर नाही, पसरवायचो. सकाळची मोठी वृत्तपत्रं जे छापायचं टाळत ते आम्ही संध्याकाळी छापायचो. ऑफिस सुटून घरी निघालेला कारकून सायकलवरून उतरून आमचा अंक घ्यायचा आणि पिशवीत भाजीच्या खाली ठेवायचा. लोकांना आमची लाज वाटायची आणि आमच्यावाचून करमायचंही नाही.

मी तिथे उपसंपादक होते. शब्द मोठा आहे. काम असं की बाहेरून आलेली बातमी झाडूनपुसून वाचण्याजोगी करायची आणि तिला मथळा द्यायचा. अकराला पान लागायचं, त्यामुळे सगळी अक्कल साडेदहाच्या आत खर्च करावी लागे. मथळे मला सुचत. पेठेत वाढलेल्या बाईला टोमणा शिकायला कुठे जावं लागत नाही. आमचे संपादक कधी हसत नसत, पण माझा एखादा मथळा वाचला की चष्मा काढून पुसत, आणि तेवढ्यावर माझा आठवडा जायचा. आज हे लिहिताना स्वतःचीच कीव येते, पण तेव्हा तसं होतं खरं.

या धंद्यात एक अडचण होती. एखाद्या अधिकाऱ्याने लाच खाल्ली असं छापलं की अब्रुनुकसानीची नोटीस येई, आणि ते सिद्ध करायला आमच्याकडे ऐकीव गप्पांपलीकडे काही नसे. यावर दोन उपाय होते. एक म्हणजे ‘असे समजते’. कुणाला समजते, कुणाकडून समजते, हे विचारायचं नाही. दुसरा उपाय अवतरणचिन्हांचा. लाच हा शब्द लिहायचाच नाही. त्याच्याऐवजी एखादा साधासुधा घरगुती शब्द घ्यायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिन्हं टाकायची. साहेबांना ‘चहापाणी’. कंत्राटदाराकडून ‘प्रसाद’. वाचणाऱ्याला बरोबर कळतं आणि कोर्टाच्या हाती काही लागत नाही. आमच्याकडे याला शब्दाचे कान धरणं म्हणत. संपादक कागद माझ्यापुढे सरकवत आणि म्हणत, “बाई, याचे कान धरा.” मी धरत असे. आमच्या वकिलांनी एकदा सांगितलं होतं की अवतरणचिन्हावर आजवर कुणी खटला जिंकलेला त्यांनी पाहिला नाही. ते मला तेव्हा फार चतुर वाटलं होतं.

वाघोलीच्या बाजूला आमचा एक वार्ताहर होता. तिकडे तेव्हा शेतं होती. नगर रस्त्याने एसटीतून जाताना खराडीच्या दोन्ही अंगांना ज्वारी दिसायची. पण जमिनीला भाव येऊ लागला होता आणि गळ्यात साखळी घातलेली माणसं मोटारसायकलवरून बांधाबांधाला हिंडायला लागली होती. वार्ताहराचं गावात झेरॉक्सचं दुकान होतं आणि बातम्यांपेक्षा तो प्लॉटच्या जाहिराती जास्त आणायचा. एका सकाळी तो धापा टाकत जिना चढून आला आणि त्याने माझ्या टेबलावर एक फोटो ठेवला.

फोटोत त्यांच्या भागातला तलाठी होता. गावात कुठली जमीन कुणाची हे शेवटी तलाठ्याच्या वहीत काय लिहिलंय त्यावर ठरतं, त्यामुळे त्याला सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं. हे भाऊसाहेब चावडीसमोर आपल्या स्कूटरपाशी उभे होते आणि एक फेटेवाला म्हातारा वाकून स्कूटरच्या पुढच्या जागेत एक भरलेलं पोतं बसवत होता. दोघंही हसत होते. त्या हसण्याकडे मी नीट पाहिलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

“नोंदी अडवून धरतो हा,” वार्ताहर म्हणाला. “माल पोचल्याशिवाय लेखणी उचलत नाही.”

“पोत्यात काय आहे?”

“ते कसं कळणार? म्हातारा म्हणत होता, वानवळा आहे.” तो हसला. “पोतंभर वानवळा.”

आता हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. आमच्या घरात तो रोजचा होता. कोकणातून आंब्याची पेटी आली की आई पहिले चार आंबे ताटलीत घालून मला शेजारी पिटाळायची, “वानवळा पाठवलाय म्हणावं.” आपल्याकडे काही नवं पिकलं, काही नवं आलं, की त्यातलं थोडं आपल्या माणसांना आधी द्यायचं, याला वानवळा म्हणतात. त्याच्या बदल्यात कुणी काही मागत नाही, आणि तो नाकारतही नाहीत. खेड्यात तर पहिली मक्याची कणसं, पहिला हरभरा, पहिलं पीक वानवळा म्हणून दिल्याशिवाय घरात शिजत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असल्यामुळेच मला तो मथळा सुचला. लाचेसाठी हा शब्द शहरात कुणी कधी वापरला नव्हता. चहापाणी आणि प्रसाद वापरून वापरून गुळगुळीत झाले होते.

संपादकांनी कान धरा म्हणायच्या आतच मी लिहून टाकलं: तलाठी भाऊसाहेबांना पोतंभर ‘वानवळा’. खाली मजकूर असा की सदर तलाठी जमिनीच्या नोंदी अडवून ठेवतात अशी परिसरात चर्चा असून त्यांना वेळोवेळी बरेच काही पोचते असे समजते. पोत्यात काय होतं हे मी परत विचारलं नाही. पान लागायचं होतं. संपादकांनी चष्मा काढून पुसला, आणि मग तो डोळ्यांवर चढवून मथळा परत एकदा वाचला.

त्या संध्याकाळी अंक हातोहात गेला. शब्द तर असा पसरला की आठवडाभरात सरकारी कचेऱ्यांच्या जिन्यांवर लोक एकमेकांना विचारू लागले, “काय, साहेबांचा वानवळा पोचला का?” आमच्या शेजारच्या काकू लोणच्याची वाटी घेऊन आल्या. सवयीने वानवळा म्हणाल्या आणि लगेच जीभ चावून हसल्या. मीही हसले. आपल्यामुळे एक शब्द शहराच्या तोंडी बसला याचा मला आनंद झाला होता. तो शब्द त्या दिवसापासून नासला, हे मला त्या वाटीकडे बघताना कळायला हवं होतं.

पंधरा दिवसांत तलाठ्याला निलंबित केलं. चौकशी लागली.

त्यानंतर एका सोमवारी तो स्वतः आमच्याकडे आला. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी, खिशाला टोपणाचं पेन. पन्नाशीचा असेल. तो आरडाओरडा करील म्हणून मी मनाची तयारी केली होती. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक तेच करत. पण तो समोरच्या बाकावर बसला आणि त्याने विचारलं, “मथळा आपण दिलात का, बाई?”

संपादकांकडे बोट दाखवता आलं असतं. मी हो म्हणाले. अजूनही त्यात मला थोडा अभिमान होता.

“पोत्यात वांगी होती,” तो म्हणाला. “वर मेथीच्या चार जुड्या. त्याच्या लेकीचं नाव सातबाऱ्यावर लागायचं राहिलं होतं, ते मागं मी लावून दिलं. माझं कामच ते. तेव्हापासून मळ्यात काही नवीन निघालं की घेऊन येतो. मी नको म्हणतो. तो म्हणतो, वानवळ्याला नको म्हणत नसतात.” मग थोडं थांबून म्हणाला, “नियमानं तेही घेऊ नये. ते मला मान्य आहे.”

“आणि नोंदी अडवता ते?”

“एक अडवलीय. भावांनी बहिणींना न सांगता जमीन विकली. बहिणींना नोटीस गेल्याबिगर मी नोंद धरणार नाही म्हणालो.”

ती जमीन कुणी घेतली होती ते त्याने सांगितलं. त्याच माणसाची प्लॉटची अर्ध्या पानाची जाहिरात आमच्याकडे फोटो आला त्याच आठवड्यात आली होती, वार्ताहरामार्फत. ती पानावर मीच लावली होती. मी उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले.

त्याने पिशवीतून दोन पानं काढली. आपला खुलासा त्याने लिहून आणला होता. अक्षर मोत्यासारखं, आणि भाषा महसूल खात्याची, सदरहू आणि सबब यांनी भरलेली. “एवढं छापा,” तो म्हणाला. “पहिल्या पानावर नको, कुठंही चालंल. चौकशीत पुढं ठेवायला होईल. तुमच्याच पेपरनं म्हटलं की वांगी होती, तर साहेबांना पण सोपं जाईल. सव्वीस वर्षं नोकरी झालीय माझी, बाई. कुणी बोट दाखवलेलं नाही.”

मी ती पानं घेऊन संपादकांकडे गेले. त्यांनी ती वाचलीही नाहीत. “खुलासा छापला म्हणजे आपण चुकलो असं होतं.”

“चुकलोच आहोत.”

“असे तुम्हाला समजते,” ते म्हणाले. “राखीवमध्ये टाका.”

राखीव हा एक लाकडी ट्रे होता. पानावर जागा उरली तर भरायला ठेवलेला मजकूर त्यात असे. त्या ट्रेमधून पाककृती आणि सुविचार यांखेरीज काही बाहेर आलेलं मी पाहिलं नव्हतं.

निलंबित माणसाला दर सोमवारी कचेरीत हजेरी लावावी लागे. ती लावून तो आमच्याकडे येई, बाकावर बसे आणि विचारी, “जागा झाली का?” मी म्हणे, “बघतेय.” असे पाच-सहा सोमवार गेले. एकदा मी त्याला चहा विचारला. “नको,” तो म्हणाला, “चहापाणी नको.” तो हसला की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर मी त्याच्यापुढे मान वर करून बोलले नाही.

मग संपादक चार दिवस गावाला गेले आणि पान लावायचं काम एकटीवर आलं. गुरुवारी तिसऱ्या पानावर एक जाहिरात ऐन वेळी गळाली. चांगली वीतभर जागा उघडी पडली. चौकशीची तारीख पुढच्या मंगळवारी होती, हे तो मला सांगून गेला होता. मी ट्रेमधून त्याची पानं काढली, सदरहू आणि सबब उडवले, दहा ओळींत सगळं बसवलं. सुंदर बसलं होतं. वांगी, मेथी, बहिणींची नोटीस, सगळं त्यात होतं. मथळाही दिला होता, साधा, चिन्हांशिवायचा. तो कागद हातात घेऊन मी उठले आणि परत खाली बसले.

मला तिथे दोन वर्षं होत आली होती आणि कायम केल्याचं पत्र त्याच महिन्यात मिळायचं होतं. त्यावर सही संपादकांची. घरात मी एकटी कमावती नव्हते, कुणी उपाशी मरणार नव्हतं. तरीही मला ते पत्र हवं होतं. आमच्या घराण्यात पगाराचं पत्र आणणारी मी पहिली बाई, आणि संपादकांनी चष्मा काढून माझ्या अक्कलहुशारीला दिलेली ती पावती. मी त्या जागेत मुगाच्या डाळीच्या लाडवांची पाककृती लावली. तीही राखीवमधलीच होती. लाडू चांगले झाले, असं एका वाचक बाईंचं पत्र नंतर आलं.

पुढचे दोन सोमवार तो आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं.

तिसऱ्या सोमवारी आला तेव्हा तो बाकावर बसला नाही. माझ्या टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. “निकाल लागल्यातच जमा आहे,” तो म्हणाला. “सक्तीची निवृत्ती. कागद यायचाय फक्त.”

माझी नोकरी चार दिवसांपूर्वी कायम झाली होती. त्या धीरावर मी म्हणाले, “तुमचा खुलासा मी उद्या छापते. कुणी काही म्हणो.” आणि मला वाटतं, मी तो खरंच छापला असता.

“त्यासाठीच आलो,” तो म्हणाला. “तो परत द्या.”

मला कळेना. मग त्याने सांगितलं. चौकशीत म्हाताऱ्याला जबाबाला बोलावलं होतं. पेपरात वानवळ्याचं वाईट आलंय आणि त्यावरून भाऊसाहेबांची नोकरी जाणार आहे, एवढं त्याच्या कानावर होतं. वानवळा दिला म्हणालास तर भाऊसाहेब आत जातील, असं कुणीतरी भरवून दिलं होतं. म्हाताऱ्याने साहेबांपुढे हात जोडले आणि देवाची शपथ घेऊन सांगितलं की मी यांना कधी काही दिलेलं नाही. साहेबांनी आमच्या अंकात छापलेला फोटो त्याच्यापुढे धरला. म्हातारा म्हणाला, हा मी न्हवंच.

“मी आधीच लिहून दिलं होतं की वांगी होती,” तलाठी म्हणाला. “साहेबांनी मला विचारलं, वांगीच होती तर हा लपवतो कशाला? माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोन जबाबांत तफावत आली. तिथंच संपलं.”

राखीवच्या ट्रेमधून मी त्याची दोन पानं काढली.

“मला पण राग आला त्याचा,” तो म्हणाला. “दोन दिवस तोंड बघितलं नाही. पण त्यानं आपल्या परीनं मला वाचवायलाच बघितलं ना. जन्मात कधी खोटी शपथ घेतली नसंल त्यानं. आता तुम्ही खुलासा छापणार, त्यात वांग्यांचं येणार, गावात कुणीतरी वाचून दाखवणार. मग त्याला कळणार की आपण खरं बोललो असतो तर भाऊसाहेब सुटले असते. सत्तरीचा माणूस आहे. ते घेऊन कसा जगंल? माझं जायचं ते गेलं. तुम्हीसुद्धा हे कुणाला सांगू नका, बाई.”

मी त्याला शब्द दिला. आज लिहिते आहे, कारण ते दोघेही आता नाहीत.

दोन पानं त्याने घडी घालून पिशवीत ठेवली आणि तो जिना उतरून गेला. ज्या शब्दाने त्याची अब्रू गेली तो माझा, ज्या जागेत ती परत मिळाली असती तिथे लाडू, आणि तरी तो मला नमस्कार करून गेला होता. मी त्या दिवशी टेबलाशी बसून रडले. संपादकांनी पाहिलं आणि ते दुसरीकडे बघत निघून गेले.

दोन-तीन वर्षांनी एक बाई निधनाची बातमी द्यायला आमच्याकडे आल्या. चिठ्ठी हातात दिली तेव्हा मला कळलं की त्या भाऊसाहेबांच्या पत्नी. मी कोण हे त्यांना ठाऊक होतं. चिठ्ठी मी वाचत असताना त्या शांतपणे म्हणाल्या, “यात ‘असे समजते’ घालू नका. मी स्वतः बघितलंय.”

मी नावापुढे ‘सचोटीचे शासकीय सेवक’ असं घातलं. चिन्हांशिवाय. पान लागताना संपादकांनी ते शब्द काढले. ओळ वाढत होती, म्हणाले. निवृत्त तलाठी एवढं राहिलं.

पुढच्या रविवारी मी एसटीने वाघोलीला उतरले आणि तिथून विचारत विचारत त्या गावाला गेले. कशाला गेले, हे मला धड सांगता येणार नाही. बहुधा कुणाची तरी क्षमा मागायची होती आणि ज्याची मागायची तो राहिला नव्हता. म्हातारा मळ्यातल्या छपरात बसून कांदे निवडत होता. फोटोतला फेटा मी लगेच ओळखला. मी पुण्याची, भाऊसाहेबांच्या ओळखीची, एवढंच सांगितलं. त्याने पोतं झटकून मला बसायला दिलं.

“मातीला गेलो न्हाई मी त्यांच्या,” तो म्हणाला. “पाय उचललाच न्हाई. वयनीम्होरं कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ? माझ्या पोत्यापायी झालं ना सम्दं.”

मग तो उठला, कुडाच्या खाचेत खोचलेला एक कागद त्याने ओढून काढला. आमचा अंक होता, घड्यांवर फाटलेला. “तवा एकानं वाचून दावलं व्हतं,” तो म्हणाला, “पर माझं डोस्कं ठिकान्यावर नव्हतं. कायबाय लई वंगाळ छापलंय एवढंच ध्यानात ऱ्हायलं. तुमी शिकल्याल्या. मोठ्या अक्षरात काय हाय, तेवढं सांगा.”

मी वाचलं. “तलाठी भाऊसाहेबांना पोतंभर वानवळा.”

तो पुढचं ऐकायला थांबला. “एवढंच?”

“एवढंच.”

“पर ह्ये तर खरंच हाय की,” तो म्हणाला. “दिलाच व्हता मी. पोतंभर. यात वंगाळ काय हाय?”

ती चिन्हं वाचून दाखवता येत नाहीत. मोठ्याने वाचलं की उरतं ते नुसतं खरं वाक्य. एवढी वर्षं मी शब्दांचे कान धरत होते आणि हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की शब्दाच्या दोन्ही बाजूंना बारीक खुणा आहेत, त्यांच्यामुळे अर्थ फिरतो. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, त्या खुणांवरून बोट फिरवलं आणि काही न समजून खाली ठेवला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, “मंग मी साह्यबापुढं शपथ कशापायी घेतली? दिला म्हनलो असतो, तर सुटलं असतं का वो भाऊसाहेब?”

मी त्याच्याकडे बघत होते. त्याने हातात एक कांदा तसाच धरला होता. मी इथवर आले होते ती हे सगळं कबूल करायला, मथळा माझा होता हे सांगायला. पण ते सांगितलं असतं तर बाकीचं सांगावं लागलं असतं, आणि मी शब्द दिला होता.

“नाही, आजोबा,” मी म्हणाले. “पोत्याचा काही संबंधच नव्हता. निकाल दुसऱ्याच कारणावरून लागला. तुम्ही काहीही म्हणाला असता तरी तसाच लागला असता.”

मी हे अगदी शांत आवाजात सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी भल्यासाठी खोटं बोलले, आणि ते नीट वठलं म्हणून मला बरंही वाटलं.

म्हाताऱ्याचे खांदे सैल झाले. “दुसरं कारन व्हतं व्हय,” तो म्हणाला. “मला कुनी बोललं न्हाई.” त्याने हातातला कांदा टोपलीत टाकला, दुसरा उचलला, त्याची सालं काढली. आणखी दोन-तीन कांदे निवडून झाले. मग माझ्याकडे न बघता, स्वतःशी हिशेब जुळवल्यासारखा तो म्हणाला, “मंग घेतलं असंल त्यांनी कुटंतरी. उगं कोन कुनाला घरी बशिवतंय. पर मानूस लई चांगला व्हता.”

मीही एक कांदा उचलला आणि त्याची सालं काढायला लागले.